पायाळू आणि दुभंग्या

४ सप्टेंबर, बुधवार

बेकरी सोडली. खरं तर बेकरीनेच मला सोडलं, पण आईला सांगताना मी ते जरा फिरवून सांगितलं. भट्टीत पाव होते आणि मागच्या दाराशी एक माणूस सायकलचं वाकडं चाक सरळ करत होता. एकेक तार तो कशी पिळतो, आणि डुलणारं चाक हळूहळू कसं शहाणं होतं, ते बघण्यासारखं होतं. तोवर पावांचा कोळसा झाला. त्याआधी छापखाना, त्याआधी फोनदुरुस्तीचं दुकान, त्याआधी कॉलेजचं दुसरं वर्ष, तेही अर्धंच. घरी मला भिंगरी म्हणतात, ते काही लाडाने नाही.

आईने कपाळाला हात लावला आणि मला तिच्या थोरल्या बहिणीकडे धाडलं. "ताईला सोबत हवीये आणि तुला कुठेतरी टेकायला हवंय."

मावशीचं चष्म्याचं दुकान होतं. आता ते बंद आहे. खाली ओढलेलं शटर, वर तिच्या दोन खोल्या, खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात. दारातच म्हणाली, "आलीस? वाळलीस किती!" पण बघत होती माझ्या कानाकडे. मला वाटलं कानातलं आवडलं असेल.

चहा झाल्यावर खरं काय ते सांगितलं. "मला कडेचं दिसतं, मधलं जातं. ज्याच्याकडे नीट बघायला जावं तेच नेमकं पुसलं जातं. जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर काचा बसवल्या आणि माझ्या डोळ्यांना बसेल अशी काच नाही. हसलीस तरी चालेल."

मी हसले नाही. मग वाटलं, हसायला हवं होतं.

दर रविवारी पक्षी बघणाऱ्यांची एक बोट खोल समुद्रात जाते आणि मावशी त्या बोटीची म्होरकी आहे. पुढच्या टोकावरची जागा तिची. तिने अमुक म्हटलं की पक्षी अमुक, त्यावर कोणी वाद घालत नाही. तिच्या डोळ्यांचं बोटीवर कोणालाच माहीत नाही. आजवर कडेच्या नजरेने, उडण्याच्या तऱ्हेवरून निभावून नेलं. आता मी तिच्या कोपराशी उभं राहून दिसेल ते बोलायचं. लोकांना वाटेल, भाचीला शिकवतेय.

"म्हणजे मी तुझा चष्मा."

"हो. पण चष्म्याला स्वतःचं डोकं नसतं, एवढं लक्षात ठेव."

ही डायरी तिच्याच दुकानात मिळाली. किती दिवस लिहीन, मलाच माहीत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

गच्चीवर शिकवणी. मावशीने काळ्या मोज्याला पांढरी फीत शिवलीये आणि तो दोरीला बांधून स्वतःभोवती फिरवते. मी एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर उभी. "समुद्र स्थिर नसतो, मग तू का असावीस?"

"काय दिसलं?"

"मोजा."

"कार्टे!"

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी काम थांबवून आमच्याकडे पाहिलं. मी त्यांना हात केला आणि स्टुलावरून पडले.

गोष्ट अशी आहे. लांब समुद्रावर पाकोळीएवढे काळपट पक्षी असतात, पाण्याला चिकटून उडणारे, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेले. लांबून सगळे एका आईचे. आपल्याकडे ढिगाने दिसतो त्याला मावशी पायाळू म्हणते, कारण उडताना त्याचे पाय शेपटीच्या मागे बाहेर येतात. शेपटी सरळ कापलेली, पांढरं कुशीपर्यंत गेलेलं, आणि पाण्यावर तो पाय टेकत टेकत चालल्यासारखा जातो. दुसरा, तो दुभंग्या. शेपटीला खाच, पांढऱ्याच्या मधून काळी रेघ, पाय बाहेर नाहीत, आणि उसळ्या मारत मध्येच दिशा बदलतो. तो आपल्या पाण्यात कोणी पाहिलेला नाही. मावशीनेही नाही. तिने जन्मभर त्याची वाट पाहिलीये.

"शेपटी, पाठ, पाय, उडणं," मावशी घोकून घेते. "नाव मात्र तू घ्यायचं नाहीस, ते मी घेणार. तू दिसलं तेवढंच सांग. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हण. त्यात लाज नाही."

८ सप्टेंबर, रविवार

ओकले. बोटीवर सगळ्यांशी ओळख त्यामुळे लवकर झाली. दातांचे डॉक्टर आहेत, ते लिंबू हुंगायला देतात आणि बोलताना आपल्या दातांकडे बघतात. एक मास्तर आणि मास्तरीणबाई आहेत, दोघांत एक दुर्बीण आणि त्यावरून दिवसभर भांडण. बोट चालवणारा तो कप्तान. तो पक्ष्यांना माश्या म्हणतो.

पक्षी जवळ यावेत म्हणून पाण्यावर माशांच्या तेलाची धार सोडतात. तो वास केसांत बसतो. मास्तर म्हणाले, "यापुढे तुम्हाला मांजरंच विचारतील."

दुपारी पायाळूंची झुंबड आली. मी मावशीच्या कोपराशी उभी राहून बोलत होते. "काळं... आता पांढरं... नाही, फेस असावा. हो, पांढरंच. शेपटी दिसली नाही. लाट आली. आता पाय... मागे पिवळट काहीतरी बाहेर..." आणि मावशी दुर्बीण डोळ्यांना लावून मोठ्याने "पायाळू!" म्हणायची. डॉक्टर लगेच "पायाळू एक!" लिहून घ्यायचे. माझे तुकडे तिने जोडायचे. इतकी वर्षं मी कुठे कामाला आले असेन तर ते आज.

येताना मावशीने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप बराच वेळ पाठीवर होती.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे असेल, मी लिहिलं नाही.

आज मावशीला डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं. मी बाहेर थांबले. तिथला रखवालदार पूर्वी सर्कशीत तंबू उभारायचा म्हणे, मग काय विचारता, तंबूच्या मधल्या खांबाची गोष्ट निम्मी झाली तोवर मावशी बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"आता सारखं सारखं यायची गरज नाही म्हणाले."

"अरे वा! सुटलो की!" मी म्हटलं. मावशी म्हणाली, "हो, सुटलो."

मग तिला चांगलाच उत्साह आला असावा. घरी आल्या आल्या खालचं दुकान उघडायला लावलं आणि एकेक खण ओढून आतल्या रिकाम्या फ्रेमी हाताने चाचपत बसली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. साफसफाई काढली असेल म्हणून मी फडकं आणून दिलं. ते तिने मांडीवर तसंच ठेवलं. म्हणाली, "या महिन्यात एकही रविवार चुकवायचा नाही, भिंगरे."

२२ सप्टेंबर, रविवार

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

समुद्र तव्यासारखा सपाट, पक्षी नाहीत. सगळे पेंगत होते. दूर पाण्यावर एक लाल बादली तरंगत होती. मी दुर्बिणीतून तिच्याकडे बघत होते. ती कुठल्या बोटीवरून पडली असेल, पडली तेव्हा कोण कोणाला काय बोललं असेल, तिला वाटत असेल का की आपण प्रवासाला निघालोय, असलं काहीतरी डोक्यात चालू होतं. तेवढ्यात मागून डॉक्टर ओरडले, "उजवीकडे! छोटा! गेला, गेला!"

दुर्बीण लावून उजव्या बाजूला मी एकटीच उभी होते. बाकीचे उठेपर्यंत पाणी रिकामं. माझ्या काचेच्या कोपऱ्यातून काहीतरी काळं सर्रकन गेलं होतं, बस.

"काय दिसलं?" मावशी म्हणाली. सगळे माझ्या तोंडाकडे.

बादली, असं कसं सांगू? बेकरीतही मी चाकच बघत होते. आणि डॉक्टर, मास्तर, मास्तरीणबाई, सगळे थांबलेले.

मी म्हटलं, "शेपटीला खाच. पाठीवरच्या पांढऱ्याच्या मधून रेघ. पाय बाहेर नाहीत. उसळ्या मारत गेला, मध्येच वळला."

ते माझ्या तोंडून कसं आलं ते मला कळलं नाही. म्हणजे कळलं. मावशीला तेच हवंय हे मला ठाऊक होतं.

मावशी गप्प. इतका वेळ की कप्तानाने मान वळवून पाहिलं. मग तिने माझं मनगट धरलं, दुखेपर्यंत, आणि म्हणाली, "दुभंग्या."

डॉक्टरांच्या हातातलं लिंबू पडलं. "ताई! तुम्ही पाहिलात? स्वतः?"

"पाहिला," मावशी म्हणाली.

मास्तरांनी बायकोला सगळ्यांसमोर मिठी मारली. कप्तानाने भोंगा वाजवला. मी कठड्याशी जाऊन ओकले, आणि आज बोट जराही हलत नव्हती.

२३ सप्टेंबर, सोमवार

फोनवर फोन. मावशी सगळ्यांशी नीट बोलते, पण थोडकंच. डॉक्टर दुभंग्यासाठी खास फेरी काढताहेत, लांबलांबून लोक येणार.

आईचाही आला. "पोरी, जन्मात पहिल्यांदा काहीतरी धड केलंस. ताईचा आवाज ऐकून मला रडूच आलं."

मी म्हटलं, कुकरची शिट्टी होतेय, ठेवते. कुकर लावलेलाच नव्हता.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मावशीला ते परत परत ऐकायला आवडतं. परवा जेवताना विचारलं, "परत सांग गं, कसा होता?" मी सांगितलं. काल जिन्यात विचारलं. आज मी तिच्या केसांना तेल लावत होते तेव्हा पुन्हा, "हं, सांग." शेपटीला खाच, पांढऱ्याच्या मधून रेघ, पाय बाहेर नाहीत, उसळ्या मारत गेला, मध्येच वळला. दर वेळी ती मान हलवते आणि जरा थांबते, आणखी काही येतंय का बघत असल्यासारखी. मग म्हणते, "बरं."

किती तिचा जीव त्या पक्ष्यात! मला घास गिळवत नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

हिशेब असा आहे. सांगितलं, तर सगळे विचारणार की मग ताईंनी काय पाहिलं? तिचे डोळे उघडे पडतील आणि पुढच्या टोकावरची जागा जाईल. नाही सांगितलं, तर जन्मभर खरं बोललेल्या बाईच्या नावाला माझं खोटं चिकटून राहणार, आणि लोक त्या खोट्यामागे समुद्रभर फिरणार.

सकाळी सांगायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. मावशी गाळण्याशिवाय चहा ओतत होती, कपाच्या काठाला बोट लावून. मी विचारलं, "साखर घालू?" एवढंच निघालं तोंडातून.

उद्याची फेरी वाऱ्यामुळे रद्द. देव नावाचा कोणी असेल तर त्याने मला इतक्या सहज सोडू नये.

६ ऑक्टोबर, रविवार

खास फेरी झाली.

बोट गच्च भरलेली. अनोळखी माणसं, भारी दुर्बिणी, गळ्यात पट्टे. एक नर्स आली होती, ड्यूट्यांची अदलाबदल करून, अख्खी रात्र बसने प्रवास करून. माझ्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हीच ना त्या भाची? नशीबवान आहात हं." तिने मला डब्यातलं अंडं सोलून दिलं. मी ते खाल्लं. तेही खाल्लं मी.

तेलाची धार सोडली, कॅन रिकामे झाले. आले ते सगळे पायाळू. प्रत्येक पायाळूमागे चाळीस माना वळायच्या आणि हिरमुसून परत यायच्या. कप्तान म्हणाला, "आज माश्यासुद्धा घाबरल्या."

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी सगळ्यांना पुढे बोलावलं. "ताई, नोंदणी समितीला कळवायचंय. दिसला नाही म्हणून काय झालं, तुमचा शब्द आहे ना. शेपटीची खाच कितपत खोल होती? तुमच्याच तोंडून ऐकू दे सगळ्यांना."

मावशीने तोंड उघडलं. "खाच..." आणि ती थांबली. तिने माझ्या कानाकडे तोंड वळवलं.

मी म्हटलं, "मला माहीत नाही खाच. मी तो पाहिलाच नाही. मी बादलीकडे बघत होते."

"कसली बादली?" कोणीतरी विचारलं.

"लाल. पाण्यावर होती. मी पक्षी पाहिला नाही, मनाने सांगितलं. चूक माझी आहे. मावशीची काही नाही."

इतकंच ठरवलं होतं. यापुढे काय, ते मी नेहमीप्रमाणे पाहिलेलं नव्हतं. मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "पण ताईंनी स्वतः पाहिला होता ना? त्या म्हणाल्या की तसं."

मी म्हटलं, "मीच तिला..."

"थांब तू," मावशी म्हणाली. कठडा सोडून सरळ उभी राहिली. "डॉक्टर, तुम्ही माझ्यापासून हातभर लांब आहात ना? आवाजावरून म्हणतेय. तुमचं तोंड मला दिसत नाही. कोणाचंच दिसत नाही. तुमच्या मिशीचा तेवढा अंदाज येतो."

डॉक्टरांचा हात ओठाकडे गेला. "ताई," ते म्हणाले, "मिशी काढून वर्ष झालं."

मागे कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

धक्क्यावर उतरताना माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, ते बरं होतं. फक्त नर्स थांबली. रागावली असती तर चाललं असतं. म्हणाली, "माझ्या दोन सुट्ट्या गेल्या गं." आणि बस पकडायला गेली.

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळीच मी पिशवी भरायला घेतली. आईचा फोन येऊन गेला होता, "ये निघून, अजून काय तोंड दाखवणार आहेस तिथे?"

पिशवीच्या चेनचा आवाज ऐकून मावशी आली. पलंगावर बसली.

"मला तिथल्या तिथेच कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"खरा पाहिलेला पक्षी तुकड्यातुकड्याने येतो. माणूस अडखळतो, आपलंच म्हणणं खोडतो. तू पहिल्या दिवशी कशी बोललीस? पांढरं, नाही फेस, हो पांढरंच. आणि त्या दिवशी? शेपटी, पाठ, पाय, उडणं. गच्चीवर शिकवलं त्याच क्रमाने, न अडखळता. नंतर तीनदा विचारलं तुला, म्हटलं कुठेतरी चुकशील, काहीतरी नवीन आठवेल. तिन्ही वेळा शब्दाला शब्द तेच."

मला पलंगाखाली शिरावंसं वाटलं. तेल लावताना मी काय काय समजत होते!

"मग तू पाहिला असं का म्हणालीस?"

मावशीने चादरीची सुरकुती बोटाने सरळ केली. "डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. सांगितलं होतं तुला."

"ती चांगली बातमी होती ना?"

"भिंगरे," मावशी म्हणाली. नुसतं तेवढंच, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिच्या हातात फडकं दिलं होतं त्या दिवशी.

"जन्मभर कोणाला खोटा पक्षी लिहू दिला नाही मी," ती म्हणाली. "त्या दिवशी वाटलं, कोणीतरी आयता आणून हातात ठेवतंय, तर घ्यावा. खोटा आहे हे कळत असतानाच घेतला. तू कोवळी आहेस, घाबरून बोललीस. मला काय झालं होतं? तेव्हा सगळी लाज तू एकटीने उचलू नकोस. अर्धी माझी आहे, ती माझ्याकडे राहू दे."

मला वाटलं होतं की सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही होत नाही. मी खोटं बोलले ते माझ्यापायी, आणि खरं बोलले तेही माझ्यापायीच, घास गिळवत नव्हता म्हणून. दोन्ही वेळा किंमत तिने दिली.

डॉक्टरांचा फोन आला. आवाज अगदी मऊ, दात काढण्याआधी बोलत असतील तसा. समितीला कळवलं नाही म्हणाले. पुढची जागा आता ते सांभाळतील, पण ताईंनी यावं, अगत्याने यावं, पाहुण्या म्हणून.

"जाऊ या रविवारी," मावशी म्हणाली.

"मी नाही येणार. कोणत्या तोंडाने येऊ?"

"कोणत्याही. मला कुठे दिसतंय?"

१३ ऑक्टोबर, रविवार

गेलो.

मावशी पुढच्या टोकाकडे सवयीने चालू लागली, मग थांबली. मी तिचा हात धरून मागे आणलं, तेलाच्या कॅनशेजारच्या बाकावर. तिथे फार वास येतो आणि इंजिनचा धूरही. मास्तरांनी "या, या" म्हटलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. मास्तरीणबाईंनी दुर्बिणीची काच पुसायला घेतली, ती पुसून संपेचना. कप्तान एकटाच नेहमीसारखा होता. त्याला माश्यांचं काही पडलेलं नाही.

दुपारपर्यंत मी तोंड उघडलं नाही. मग आमच्या मागे, धुराच्या पलीकडे, एक छोटा काळा दिसला. मावशीला कडेने काहीतरी हललेलं कळलं असावं. "काय आहे?"

"काळं," मी म्हटलं. "पांढरं आहे वाटतं. शेपटी... नाही, दिसत नाही. धूर आला मध्ये. पाय खाली सोडलेत. नाही, आता वर घेतले." आवाज बारीकच निघत होता, तरी पुढे ऐकू गेला. पुढून डॉक्टर ओरडले, "मागे काय आहे? आणखी कोणी पाहिला का?"

मास्तरांनी पाहिला नव्हता. मास्तरीणबाईंनीही. डॉक्टरांनी लिहिलं नाही. बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं.

असं दिवसभर चाललं. मी काही म्हटलं की पुढून, अगदी सौजन्याने, "आणखी कोणी पाहिला का?" दर वेळी कान तापतात. दर वेळी वाटतं, समुद्रच नको, सायकलवाला बरा, तंबूवाला बरा, चाललो आपण दुसरीकडे.

आणि शेजारी मावशी, तेलाच्या वासात, चेहरा पाण्याकडे करून, "हं. मग? पुढे?"

मान खाली घालावी असं फार वाटतं. पण मी मान खाली घातली की मावशीला काही दिसत नाही.